उशिरा बोलणारी विहीर

माझं अक्षर मुंग्या चालल्यासारखं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाशी माझं कधी जमलं नाही. चौथीनंतर मी शाळेत गेले नाही. त्यामुळे पुढे जे चुकलेलं दिसेल ते माझं, त्याची आधीच माफी मागते. हे कुणाला दाखवायला लिहीत नाही. तरीसुद्धा माफी मागितल्याशिवाय माझ्याने पेन उचलवत नाही, कारण मी ज्यांच्याबद्दल लिहिणार आहे त्या आमच्या बाईंएवढं चुकीला भिणारं माणूस राहुरी तालुक्यात आजवर झालं नाही आणि पुढे होणारही नाही. बाई सापाला भीत नसत. न्हाणीत नाग निघाला तेव्हा त्यांनी त्याला काठीने दार दाखवलं आणि परत येऊन चहा प्यायल्या. पण कुणाच्या दुकानाच्या पाटीवर काना राहिलेला दिसला की त्यांना रात्रभर झोप लागत नसे.

बाई म्हणजे आमच्या गावच्या हायस्कुलातून रिटायर झालेल्या मराठीच्या बाई. लग्न केलं नाही, एकट्या राहतात. मी त्यांच्याकडे सकाळ-संध्याकाळ स्वयंपाकाला जाते. पहिल्याच दिवशी त्यांनी माझी पोळी उचलून उजेडात धरली, मग तिच्यावर स्टीलची ताटली पालथी घातली आणि बाहेर आलेली कड सुरीने कापली. पुढे कित्येक वर्षं हे रोज चाललं. कापलेली कड पत्र्यावरच्या कावळ्याला जायची. गावात दुष्काळ असो की सुकाळ, बाईंच्या पत्र्यावरचा कावळा कायम गलेलठ्ठ. भिंतीवर कॅलेंडर टांगायचं तर बाई गवंड्याकडून ओळंबा मागून आणायच्या. लग्नाची पत्रिका आली तर लाल पेनने तपासून, खाली सही करून, आहेराच्या पाकिटातून परत पाठवायच्या. त्या पाकिटात पैसे घसघशीत असत म्हणून लोक राग गिळायचे. मला शिलाई मशीन घ्यायला त्यांनी पाच हजार उसने दिले, तेव्हाही सगळ्या नोटांची तोंडं एका बाजूला होती. मी महिन्याला थोडे थोडे फेडायची. बाई त्या नोटा तीनदा मोजायच्या, दुमडलेले कोपरे नखाने सरळ करायच्या आणि एखादी फार चुरगळलेली असली तर तिला इस्त्री करायच्या. गंमत म्हणून नव्हे, अगदी खरोखरची इस्त्री, वर ओलं फडकं घालून.

लोक हसायचे, मीही तोंडाला पदर लावून हसायची. पण रिटायर झाल्यावर हसण्यासारखं उरलं नाही. वह्या तपासायच्या बंद झाल्या आणि बाई स्वतःला तपासायला लागल्या. किती वर्षांपूर्वी एका मुलीचं बरोबर उत्तर चुकून चूक दिलं होतं, ते आठवून जेवणाच्या ताटावरून उठायच्या. आईच्या शेवटच्या दिवसांत आपण तिच्या बोलण्यातले शब्द सुधारत बसलो, हे एकदा त्यांनी मला सांगितलं आणि मग आठवडाभर बोलल्या नाहीत. वेणी घालणं सोडलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. मी विचारलं, "बाई, दुखतंय का कुटं?" तर म्हणाल्या, "दुखत नाही गं. आत दिवे गेलेत."

मी त्यांना एसटीने नगरच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, आणि म्हणाले की गोळ्यांबरोबर एखादा छंद धरा, ज्यात नंबर येत नाही, मार्क मिळत नाहीत, बिघडला तरी चालतो. येताना गाडीत बाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "बिघडलं तरी चालतं असं जगात काय असतं, तारा?"

मी म्हणाले, "माजी भाकरी."

तेव्हा त्या हसल्या नाहीत. पण वळून माझ्याकडे बघितलं, एवढं खरं.

मग छंद सुरू झाले. विणकाम घेतलं, तर स्वेटरचा एक टाका तिरका आला म्हणून अख्खा स्वेटर उसवला, पुन्हा विणला, पुन्हा उसवला. शेवटी लोकर झिजून सुतळीसारखी झाली. मागच्या अंगणात कोथिंबीर लावली, तर ती सारखी वर यावी म्हणून फूटपट्टी घेऊन बसायला लागल्या. वर गेलेली कापायची, मागे राहिलेलीला बोलायचं. भजनी मंडळात गेल्या, तिथे बुवांनाच थांबवून अभंगातला शब्द सुधारला, आणि मंडळाने हात जोडून त्यांना घरी पोचवलं. चालायला जा म्हटलं तर कालच्यापेक्षा आज जास्त चालायचं, उद्या त्याहून जास्त, असं करत पाय सुजवून घेतले. प्रत्येक छंद चार-आठ दिवसांत परीक्षा व्हायचा, बाई त्यात नापास व्हायच्या आणि पुन्हा भिंतीकडे तोंड.

शिमग्यानंतर मात्र काहीतरी बदललं. रोज दिवेलागणीच्या सुमारास बाई एकट्या बाहेर पडायला लागल्या. परत येताना चेहरा निवलेला असायचा. कुठे जाता म्हटलं तर सांगायच्या नाहीत. आमच्या गावाच्या खालच्या अंगाला कालवा आहे, तिकडे ऊस, घास, सगळं हिरवं. वरच्या अंगाला कालव्याचं पाणी चढत नाही, तिथे नुसतं माळरान आणि जुन्या मोटेच्या विहिरी, कोरड्याठाक. तिकडे संध्याकाळी शेळ्यासुद्धा थांबत नाहीत. बाई तिकडेच जायच्या.

शेजारच्या कासाबाईंनी मला कोपऱ्यात घेतलं. "तारे, तुज्या बाईला आसरांनी धरलंय बग. रोज येका इहिरीवर वाकून बसती. मी माज्या डोळ्यांनी पायलं." साती आसरा म्हणजे पाण्यातल्या सात बाया. आमच्याकडे विहिरीच्या काठाला सात खडे मांडून, शेंदूर लावून त्यांना हिरव्या बांगड्या आणि दहीभात ठेवतात. त्या एकट्या बाईमाणसाला खाली बोलावतात असं म्हणतात.

"न्हाई हो काकी," मी म्हणाले.

"न्हाई तर न्हाई. पर आसरा आसू दे न्हाईतर बाईचं डोकं, इहिरीला तळ येकच आसतो. तू तिच्या मागं जा."

आसरांवर माझा विश्वास आहे का नाही ते मला सांगता येत नाही, पण तळाचं बोलणं माझ्या काळजात बसलं. दुसऱ्या दिवशी मी बाईंच्या मागे गेले. उजेड गेला नव्हता, पण सावल्या मिटून गेल्या होत्या. बाई थांबल्या ती सगळ्यात लांबची, पिंपळाची विहीर. आतल्या चिऱ्यांतून पिंपळ उगवून बाहेर आलाय म्हणून तिला तसं म्हणतात. मी करवंदीच्या जाळीआड थांबले. बाई काठावर वाकल्या होत्या आणि बोलत होत्या.

"जेवलीस का?"

आणि कुणीतरी खालून विचारलं, "जेवलीस का?"

मी जाळीत आणखी आत सरकले. पारवे फडफडत वर आले. बाई शांतपणे म्हणाल्या, "मी जेवले. वांग्याचं भरीत होतं. तिखट झालं होतं." खालूनही भरीत तिखट झाल्याचं सांगण्यात आलं. ते भरीत मी केलं होतं. एवढ्या भीतीतसुद्धा मला वाईट वाटलं.

"जाळीमागून बाहेर ये, तारा," बाई मागे न बघता म्हणाल्या. "भरीत चांगलं होतं."

त्या दिवसापासून मी त्यांच्याबरोबर जायला लागले. बाईंचा छंद हा होता. विहिरींत हाका मारायच्या. बस, दुसरं काही नाही. गाणं नाही, पाठांतर नाही. वरच्या अंगाच्या सगळ्या विहिरींचे आवाज त्यांना ओळखीचे झाले होते. एक घोगरी होती, तपकीर ओढणाऱ्या म्हाताऱ्यासारखी. एक उथळ विहीर घाईची, आपला शब्द संपायच्या आत तिचा सुरू. एकीत गाळ होता, ती पुटपुटायची. बाई म्हणायच्या, "बघ तारा, ही माझी चूक काढत नाही. मी जसं टाकते तसं परत देते. फाटका आवाज टाकला तर फाटकाच देते, वर लाल पेन फिरवत नाही." मग खोकून दाखवायच्या, विहीर खोकायची, आणि बाई लहान मुलीसारख्या हसायच्या. घरी पोळीवर ताटली पडायची बंद झाली. कावळा वाळायला लागला.

पिंपळाची विहीर मात्र निराळी होती. ती उशिरा बोलायची. हाक मारली की लगेच उत्तर यायचं ते यायचंच, पण आपण वळून चालायला लागलो की मागून आणखी एकदा काहीतरी यायचं, अगदी बारीक, आपण काय बोललो ते आपण विसरल्यावर. मी विचारलं तर बाई म्हणाल्या, "ती जरा हळू वाचते. वर्गात अशी एखादी असतेच."

मला मात्र तिथे हाक मारवली नाही. मी जन्मात कधी मोठ्याने बोलले नाही. एसटीत कंडक्टरला "थांबवा" म्हणायला नको म्हणून पुढच्या गावाला जाऊन चालत परत आलेली बाई मी. बाईंनी कधी जबरदस्ती केली नाही. "तुझी इच्छा असेल तेव्हा," म्हणायच्या.

हे सगळं असंच चाललं असतं, पण कासाबाईंनी घात केला. त्यांची म्हैस गाभण होती. त्या एका संध्याकाळी दहीभाताची वाटी आणि हिरव्या बांगड्या घेऊन आमच्या मागोमाग पिंपळाच्या विहिरीवर हजर. बाईंना म्हणाल्या, "बाई, तुमचं आन् आसरांचं बोलनं हाय. येवढं इचारा. माज्या म्हशीला रेडी हुईल का टोणगा?"

बाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "कासाबाई, हा प्रतिध्वनी आहे. शाळेत शिकवतात."

"आसंल की. त्येलाच इचारा."

शेवटी सुटका व्हावी म्हणून बाईंनी ओरडून विचारलं, "रेडी का टोणगा?" विहीर म्हणाली, "...टोणगा."

कासाबाईंचं तोंड उतरलं. मग त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "बाई, उलटं इचारा की!"

"टोणगा का रेडी?"

"...रेडी."

"ह्ये बगा! आत्ता बरूबर बोलल्या!" कासाबाईंनी दहीभात ठेवला आणि नमस्कार केला. म्हशीला रेडी झाली, आणि आमचा घात झाला.

दूध घालायला जाणाऱ्या बायांनी ही गोष्ट डेअरीवर नेली. डेअरीवरच्या भाऊसाहेबांनी मोबाईलवर बाईंचा व्हिडिओ काढून सगळीकडे पाठवला. मग पोरीचं लग्न, बोअरला पाणी, मुलाची नोकरी असले सवाल घेऊन शेजारच्या तालुक्यातल्या बेलापूरपासून माणसं यायला लागली. बाईंनी पहिल्यांदा सगळ्यांना परत पाठवलं. पण भाऊसाहेबांनी त्यांना व्हिडिओ दाखवला. तो बघताना बाईंच्या कपाळावर बारीक आठी पडली. म्हणाल्या, "इथे माझा आवाज कापरा लागलाय."

ती आठी मी ओळखली. दुसऱ्या दिवसापासून मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सुरू झाल्या. काठावर नेमकं कुठे उभं राहायचं तिथे चुन्याची खूण आली. हाक मारून झाली की म्हणायच्या, "नाही, 'का' दबला," आणि पुन्हा. लोक हात जोडून उभे, आणि बाई विहिरीलाच रागवायला लागल्या. एका संध्याकाळी त्यांनी ओळीने कितीतरी हाका मारल्या आणि मग काठावर मटकन बसल्या. "हेसुद्धा मला येत नाही, तारा."

मग त्या जायच्या थांबल्या. माणसंही दोन-चार दिवस आली आणि मग यायची बंद झाली. बाई पुन्हा भिंतीकडे वळल्या. ताट जसंच्या तसं परत यायचं. नगरच्या डॉक्टरांची तारीख मी फोन करून अलीकडे घेतली, तरी मधे चार दिवस होते. कासाबाई ओट्यावर येऊन म्हणाल्या, "आसरा कोपल्या. माजं चुकलं गं, म्हशीपायी." त्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी भाकऱ्या करायला गेले तर दार उघडं, घर रिकामं, चपला नाहीत. मी कासाबाईंना एवढंच म्हणाले की माणसं घेऊन या, आणि पळाले.

माळावर उजेड होता पण रंग गेले होते. पारवे विहिरीबाहेर येऊन पिंपळावर बसले होते, गप्प. बाई थारोळ्यावर बसल्या होत्या. थारोळं म्हणजे पूर्वी मोट ओतायची तिथला काठावरचा दगडी चौथरा. त्यावर बसून त्यांनी पाय आत सोडले होते. मी त्यांच्या समोरच्या काठाला पोचले. मधे सगळी विहीर. धावत वळसा घालून जावं तर मला बघून काय करतील याची भीती. बाई खाली बघत होत्या. त्या हाक मारत नव्हत्या आणि विहीरही काही म्हणत नव्हती, आणि ती शांतता मला अजून कधी कधी ऐकू येते.

बाईंना हाक मारणं माझ्याने झालं नाही. मग मी विहिरीवर वाकले आणि विहिरीला हाक मारली. दुसरं काही सुचेना म्हणून स्वतःचंच नाव, आई मला शेतातून बोलवायची तसं.

"ए तारे!"

आवाज मधेच फाटला, शेवटी तर नुसती चिरक निघाली. आणि खालून माझ्या आईने मला हाक मारली.

मी खोटं सांगत नाही. आई जाऊन बारा वर्षं झाली. माझा मोठा आवाज मी त्याआधी ऐकलाच नव्हता, तो आईसारखा असेल, असंही असेल. मला ते माहीत नाही. मी काठाला धरून रडायला लागले.

थोड्या वेळाने समोरून बाईंचा आवाज आला. "तारा, 'रे' फारच फाटला."

"व्हय बाई," मी रडत म्हणाले. "फाटला."

"तरी तिने घेतला."

"घेतला."

बाईंनी एक पाय वर घेतला, मग दुसरा. मी वळसा घालून गेले आणि त्यांचा हात धरला. तो थंडगार होता. मी तो सोडला नाही. त्या म्हणाल्या, "पहिल्या दिवशीसुद्धा मी इथे फिरायला आले नव्हते. वाकले, तेव्हा खाली कुणीतरी हललं असं वाटलं. म्हणून विचारलं, कोण आहे? तर खालून मलाच विचारलं, कोण आहे? मी म्हटलं, मी आधी विचारलं. तीही म्हणाली, मी आधी विचारलं. अशा आम्ही दोघी हट्टाला पेटलो. त्यात अंधार झाला, तुझी भाकरी गार होईल म्हणून घरी आले."

"आजबी गार हुईल," मी म्हणाले. भाकरी अजून केलीच नव्हती.

आम्ही उठलो आणि चालायला लागलो. समोरून कासाबाई आणि दोन-तीन माणसं बॅटऱ्या घेऊन येताना दिसत होती. तेवढ्यात मागून, अगदी बारीक, आलं: "ए तारे." मी थांबले. मी एकदाच हाक मारली होती, आणि तिचं उत्तर कधीच येऊन गेलं होतं. बाईंनी माझा हात दाबला. त्यांनीही ऐकलं होतं. "मागे बघू नकोस," त्या म्हणाल्या. "उशिरा म्हणाली म्हणून तिची चूक काढायची नाही."

डॉक्टरांनी गोळी बदलली. मी महिनाभर बाईंकडेच निजले. कासाबाई रोज दुपारी रेडीचं कौतुक सांगायला येऊन बसायच्या, म्हणजे बाई एकट्या राहायला नकोत. भाऊसाहेबांनी व्हिडिओ काढून टाकला. बाईंनी चुन्याची खूण स्वतः पायाने पुसली. आम्ही पुन्हा जायला लागलो, आता दोघी हाका मारायचो, आणि मी बाईंपेक्षा वाईट मारते याचा बाईंना फार आधार वाटायचा. एखाद्या दिवशी त्यांच्या आत पुन्हा दिवे जातात. तेव्हा त्या मला तसं सांगतात, आणि आम्ही त्या दिवशी नुसत्या ओट्यावर बसतो.

यंदा पाऊस उदंड झाला. वरच्या अंगाच्या विहिरीसुद्धा काठाला आल्या. सगळं गाव खुशीत, फक्त आम्ही दोघी मनातून हिरमुसलेल्या, कारण भरलेली विहीर बोलत नाही. हाक पाण्यावर पडते आणि तिथेच राहते. उन्हाळ्याची वाट बघणारी गावात आम्हीच दोघी असू.

दिवाळीच्या आधी मी शिवणाचे पैसे जमवून शेवटचा हप्ता घेतला आणि पिंपळाच्या विहिरीवरच बाईंच्या हातात ठेवला. नोटा गिऱ्हाइकांकडून आल्या तशा होत्या, एकीचं तोंड इकडे, एकीचं तिकडे, वरच्या नोटेचा कान दुमडलेला.

"मोजा की," मी म्हणाले.

"तू मोजलेस ना?"

"मी चौथी शिकल्येली हाय, बाई."

"बेरीज चौथीच्या आत येते."

त्यांचं नख त्या दुमडलेल्या कानाकडे गेलं, ते मी बघितलं. तिथे ते थोडं थांबलं. मग त्यांनी मूठ मिटली आणि नोटा तशाच, उलट्यासुलट्या, कमरेला खोचल्या. खाली पाणी काळं आणि गच्च उभं होतं, त्यात पिंपळाचं एक पान फिरत होतं. बाई सवयीने वाकल्या, तोंड उघडलं, आणि काही न बोलता मिटलं. आम्ही घरी निघालो. मी वळणापर्यंत कान मागे ठेवून चालत होते, पण मागून काही आलं नाही. पाच हजार सगळे फिटले.